अण्णांच्या पिवळ्या मुठी

माझा धंदाच संशयाचा. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी तपासणी खात्यात होतो. टेबलावर ओतकामाचे तुकडे यायचे, मी त्यांना मापाचं गेज लावायचो, आणि हातातला प्रत्येक तुकडा आपल्याला फसवायला आलाय असं धरूनच बघायचो. आत कुठेतरी हवेचा बुडबुडा असणारच. सापडला नाही तर तो नीट लपलाय, एवढाच अर्थ. संध्याकाळी गेज कपाटात ठेवून मी स्कूटरवरून सांगलीला घरी यायचो, पण नजर बरोबर यायची. दुधाचं माप, मुलीचं प्रगतिपुस्तक, बायकोचं "काही नाही हो", सगळ्यांना ती लागायची. बायको म्हणायची, "एक दिवस तुम्ही आमटीसुद्धा रिजेक्ट कराल." एकदा केलीही होती. पुढे काय झालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

अशा माणसाच्या घरी, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, त्याचे वडील राहायला आले. आले म्हणजे मी आणले.

अण्णा साताऱ्याला एकटे राहायचे. ते सरकारी मोजणीदार होते. उभी नोकरी साखळी घेऊन जावळी-पाटणच्या डोंगरांतून शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली. त्यांचं पाऊल ठरलेलं होतं. नुसतं बांधावरून चालत जाऊन ते लांबी सांगायचे आणि नंतर साखळी लावली तर दोन बोटांचाही फरक निघायचा नाही, असं ते स्वतः सांगायचे. मी लहान होतो, त्यामुळे ते तपासायचं राहून गेलं. आई गेल्यावरही त्यांनी आपलं दोन खोल्यांचं घर सोडलं नाही. मग उजवा हात बसल्या जागी थरथरायला लागला. मग ते ठरलेलं पाऊल आखूड झालं. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला डिंकानं चिकटवल्यासारखे थांबायचे. मी त्यांना मिरजेला आणून दाखवलं. डॉक्टरांनी हात वाकवून, चालवून, वळवून पाहिलं आणि पार्किन्सन म्हणाले. आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. गोळ्या सुरू झाल्या. वर्षभरानं साताऱ्याला मोरीपाशी ते पडले आणि दूधवाला येईपर्यंत पडूनच राहिले.

त्याच आठवड्यात मी त्यांना सांगलीला उचलून आणलं. उचलून हा शब्द अगदी खरा आहे. एसटीची पायरी त्यांना चढवेना, तेव्हा मागून मी आणि वरून कंडक्टर अशा दोघांनी त्यांना आत घेतलं. सगळी गाडी बघत होती. अण्णा प्रवासभर एक शब्द बोलले नाहीत.

सांगलीतल्या पहिल्याच जेवणाला मात्र बोलले. "मी परत कधी जायचं?"

"कुठे?"

"घरी."

"मग हे काय आहे?"

"हे तुझं घर."

हे संभाषण पुढे दर आठवड्याला, कधी पोळीवर तर कधी भातावर, होत राहिलं. एका रविवारी माझा तोल गेला. मी म्हणालो, "कुणाचा हात न धरता एसटीची पायरी चढाल त्या दिवशी खुशाल जा. मी अडवणार नाही." म्हणजे विषय मिटला, असं मला वाटलं. अण्णांनी घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. ह्या आजारात चेहरा थिजतो. राग, हसू, दुःख, काही उमटत नाही. माझ्यासारख्या संशयी माणसाला असा चेहरा म्हणजे शिक्षाच. बघत राहायचं आणि काही कळायचं नाही.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी साताऱ्याचं नाव घेणं बंद केलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला.

ते सकाळची गोळी घ्यायचे, ती अंगात उतरेपर्यंत ओट्यावर बसायचे आणि मग "पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडायचे. आमचं घर वखारभागात, हळदीच्या बाजारापासून फार लांब नाही. तासाभरानं घामाघूम होऊन परत यायचे. पाय मोकळे करून इतका घाम? आणि एके दिवशी आंघोळीआधी मी त्यांचे हात पाहिले. मुठीची हाडं लाल झाली होती, आणि त्या लालीवर पिवळं काहीतरी माखलेलं होतं.

"हे काय?"

"काही नाही."

"पिवळं आहे."

"हळद असेल."

"कुठून आली?"

"सांगलीत हळद कुठून येते म्हणून विचारतोस?" असं म्हणून ते मोरीत गेले. उंबऱ्याशी जरा अडकले, पुटपुटत काहीतरी मोजल्यासारखं केलं, आणि पलीकडे गेले.

ते पुटपुटणं मी ऐकलं आणि मनात नोंदवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीत शेजारच्या टेबलावरच्या आष्ट्याच्या सोबत्याला मी आडून विचारलं, की एका ओळखीच्या म्हाताऱ्या माणसाच्या हाताला रोज हळद लागते, तोंडानं काही पुटपुटतो, तर काय असेल? तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "भंडारा. देवरुशाकडं जात असणार तुमचे वडील."

"माझे वडील नाहीत. ओळखीचे."

"व्हय व्हय, ओळखीचे. आजारी मानसं जात्यातच. पर जपा. काही देवरुशी अंगात हाय म्हणून मारत्यात बी."

लाल झालेली हाडं माझ्या डोळ्यांसमोर आली.

आता मला सांगायला हवं, की मी स्वतःला सुधारलेला माणूस समजत होतो. देवरुशी, गंडे, उतारे ह्यांच्याविरुद्ध मी घरात भाषणं केली आहेत. माझ्या स्कूटरला पुढे लिंबू-मिरची टांगलेली असायची, हे खरं आहे. पण ती बायकोनं बांधलेली होती. तिचं म्हणणं होतं, मीच बांधायला सांगितली. असो.

पुरावे साठत गेले. बायकोच्या गाठोड्यातलं माझं एक जुनं धोतर गायब झालं आणि त्याच्या लांब लांब पट्ट्या अण्णांच्या उशीखाली सापडल्या. नीट गुंडाळून ठेवलेल्या आणि पिवळ्या. गंडेदोरे एवढे रुंद नसतात हे मला कळत होतं, पण नवीन काही पद्धत असेल. मी त्या बायकोला दाखवल्या. तिनं एकदा पट्ट्यांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"जुन्या कपड्याचं काय करायचं ते करतील. तुम्हाला ते धोतर नेसायचं होतं का?"

"प्रश्न धोतराचा नाही."

"मग जेवायला बसा."

ती इतक्या सहज म्हणाली, की मला तिचाही संशय आला. पण तो मी नंतरसाठी ठेवला.

खरा धक्का बसला तो अमावस्येला. त्या दिवशी मला उशिराची पाळी होती. अण्णा नेहमीच्या वेळी गेले ते तब्बल दोन तासांनी परत आले. कॅलेंडर बघितलं तर अमावस्या. मागच्या महिन्यातही एकदा असाच उशीर झाला होता असं मुलगी म्हणाली. तिनं सांगितलेली तारीख मी मागच्या पानावर शोधली. अमावस्याच. आता कुठलंही गेज लावायची गरज उरली नव्हती. रोज तासभर आणि अमावस्येला दोन तास! माझे मोजणीदार वडील, ज्यांनी म्हसोबाच्या दगडालासुद्धा हद्दीची खूण म्हणूनच ओळखलं, ते कुठल्या तरी भोंदूच्या हाती लागले होते. आणि ते का, हेही मला उमगलं, किंवा उमगलं असं वाटलं. मी पायरीची अट घातली होती. डॉक्टरच्या गोळ्यांनी ती चढता येत नाही म्हणून ते दुसरीकडे गेले. दोष माझा होता. हा विचार मला आवडला नाही, म्हणून मी देवरुशावर जास्त चिडलो.

पुढच्या अमावस्येला मी पोट बिघडल्याचा निरोप देऊन कामावर दांडी मारली आणि अण्णांचा पाठलाग केला.

पाठलाग करायला जगात सगळ्यात अवघड माणूस कोणता असेल तर तो पार्किन्सनचा. पळणाऱ्याच्या मागे पळता येतं. अण्णा दहा पावलं टाकायचे आणि थांबायचे. मग मलाही थांबावं लागायचं. पहिल्यांदा मी चपलेचा अंगठा नीट केला. दुसऱ्यांदा पण केला. तिसऱ्यांदा एका बंद दुकानाच्या पाटीपुढे उभा राहून ती वाचली. तेवढ्यात ओळखीचे शिंपी सायकलवरून आले आणि मोठ्यानं म्हणाले, "काय हो, वडिलांच्या मागं मागं? हात तरी धरा की त्यांचा!" मी त्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. ते सायकलवरून उतरून माझ्याकडे बघत उभे राहिले. अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. वळायचं म्हणजे त्यांना सात-आठ बारीक पावलं टाकावी लागत, हे त्या दिवशी माझ्या पथ्यावर पडलं.

बाजार सुनासुना होता. सौदे नाहीत, गाड्या नाहीत, हमाल नाहीत. मला वाटलं, असल्या कामाला अशीच जागा निवडणार. एका मोठ्या वखारीच्या दिंडी दरवाजातून अण्णा आत गेले. उंबऱ्याशी अडकतील म्हणून मी वाट पाहिली, पण आतून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं आणि ते पाय उचलून आत गेलेसुद्धा.

मी दाराच्या फटीला डोळा लावला. आत अंधूक उजेड होता. फरशीवर खडूनं रेघा ओढलेल्या होत्या. वर तुळईला काहीतरी जाड, पिवळं, माणसाएवढं टांगलेलं होतं. मग आवाज यायला लागले. धप. धप-धप. आणि तो खणखणीत आवाज:

"मार! अजून! मेलायस का रं गड्या? जोरात!"

मधूनच अण्णांचा आवाज आला. गेल्या वर्षभरात अण्णांचा आवाज इतका बसला होता की पाणी मागितलेलंही ऐकू यायचं नाही. आणि इथे ते ओरडत होते. झालं. माझ्या वडिलांना कोणीतरी बडवत होतं.

मी पायातली चप्पल काढली, दार ढकललं आणि "सोडा त्यांना!" असं ओरडत आत घुसलो. पुढचं फार लवकर झालं. ते पिवळं धूड झोका घेऊन आलं आणि माझ्या तोंडावर आदळलं. मी खाली बसलो. नाकात हळदीचा असा काही भपकारा गेला, की मी सलग शिंकत राहिलो. चप्पल माझ्या हातातच होती.

डोळे पुसून पाहिलं तेव्हा अण्णा बनियनवर उभे होते. दोन्ही मुठींना माझ्या धोतराच्या पट्ट्या. कमरेला गमछा बांधलेला, त्याचं टोक मागे उभ्या असलेल्या एका उंच, मिशाळ म्हाताऱ्याच्या हातात, म्हणजे तोल गेला तर ओढून धरायला. समोर लोंबकळत होतं ते हळदीचं जुनं तागाचं पोतं, आत लाकडाचा भुसा आणि चिंध्या भरलेल्या.

"हा कोन?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"माझा मुलगा," अण्णा म्हणाले. "तपासणी खात्यात असतो."

"तरीच."

ते सुभेदार. सातारा जिल्ह्यातल्या, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावचे. निवृत्तीनंतर लेकीकडे सांगलीला राहात आणि त्या वखारीवर राखणीचं काम करत. फौजेत असताना नव्या पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. आपल्या ह्या कुस्तीच्या मुलखात त्या विद्येला कोणी विचारत नाही, ही त्यांची जन्माची खंत होती. तालमीत कोणी मूठ उगारली तर हाकलून देतात.

"तुमची ओळख कशी झाली?" मी नाक पुसत विचारलं.

"भांडणातनं," सुभेदार म्हणाले. "हे आमच्या दारासमोर असं बारीक बारीक पाय टाकत, झुकत चाललं होतं. मी म्हनलं, सकाळच्या पारी पिऊन आलायस व्हय रं? तर ह्यांनी वळून मला ठोसा मारला."

मी अण्णांकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच.

"लागला न्हाई मला," सुभेदार म्हणाले. "पर मी बघितलं, तवर थरथरनारा हात मारताना थरथरला न्हाई. सरळ आला. म्हनलं, ह्यो मानूस आजारी हाय, पर मूठ जिती हाय. मग मी माफी मागितली आनि पोतं टांगलं."

"आणि अमावस्या? अमावस्येला दोन तास का?"

दोघांनीही माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. सुभेदारांनी केलं एवढं नक्की, अण्णांचं मी गृहीत धरतो. "आवं, अमावस्येला बाजार बंद असतोय. हमाल पाठीवर पोतं घेत न्हाईत त्या दिशी. वखार रिकामी, कोन हटकत न्हाई. रोजच्याला सौद्याच्या आत उरकाय लागतं. किती वर्सं सांगलीत राहताय तुमी?"

मी तेवीस वर्षं राहात होतो.

आता कोणालाही वाटेल की संशय संपला. संपला नाही. नुसता तो देवरुशावरून उठून सुभेदारांवर बसला. हा माणूस डॉक्टर आहे का? ठोसे खाल्ले की डोक्याला इजा होते असं मी कुठेतरी वाचलं होतं. ह्याला ह्यातून मिळतं काय? मी अण्णांना मिरजेला नेलं आणि डॉक्टरांसमोर सगळी तक्रार केली. मला वाटलं, ते एका वाक्यात बंद करतील.

डॉक्टरांनी अण्णांना दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं, वळायला लावलं, मुठी उघडझाक करायला लावल्या. मग म्हणाले, "तुम्ही कुणाचे ठोसे खाता का?"

"नाही. पोतं परत मारत नाही," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून, "ह्याला मारलं एकदा."

डॉक्टर हसले. म्हणाले, "ह्यानं आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही. थरथर जायची नाही. पण मोठ्या हालचाली, मोठं पाऊल, मोठा आवाज, हे ह्यांना हवंच आहे. डोक्याला मार नको, पडणं नको, मागे माणूस हवा, गोळीची वेळ चुकवायची नाही. चालू द्या."

घरी आल्यावर मी नंतरसाठी ठेवलेला संशय बाहेर काढला. बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"धोतर कोणी फाडलं असं वाटलं तुम्हाला? त्यांच्या हातानं तेवढ्या सरळ पट्ट्या निघतील का?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही पोत्याला गेज लावलं असतं. आणि अण्णा म्हणाले, त्याला सांगू नकोस, त्यानं अट घातलीय." भाजीची देठं खुडता खुडता ती थांबली. "त्यांना जायचंय हो. आपल्याकडे काही कमी आहे म्हणून नाही. जायचंय, एवढंच."

हे मला नको होतं. ते पडले तर? पुन्हा दूधवाल्यानं पाहिलं तर? आणि खाली, अगदी तळाशी, आणखी एक होतं. म्हाताऱ्या वडिलांना एकटं सोडलं असं चार लोक म्हणाले असते, आणि त्यात ते सायकलवाले शिंपी पहिले असते. मी आता रोज सकाळी वखारीत जायला लागलो. मदत म्हणून, असं सांगून. गमछा धरायचं काम सुभेदारांनी मला दिलं. मी गमछा धरायचो आणि अण्णांची पावलं मोजायचो. खडूच्या रेघा दर पंधरवड्याला सुभेदार थोड्या लांब लांब ओढायचे. "एक! एक-दो! आवाज कुटं गेला रं?" ते ओरडायचे, आणि अण्णा "एक! एक-दो!" म्हणत रेघ ओलांडायचे. एखाद्या दिवशी काहीच जमायचं नाही. पाय चिकटायचे, ठोसा पोत्यापर्यंत पोचायचाच नाही, आणि अण्णा पोत्याला कपाळ टेकवून उभे राहायचे. अशा दिवशी मला वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याच्या मागे हलकंसं हायसं वाटायचं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी गमछा जास्त घट्ट धरायचो.

थंडी सरता सरता एका शुक्रवारी अण्णा म्हणाले, "चल, स्टँडवर."

"आज?"

"आज गोळी चांगली लागलीय."

मी, अण्णा आणि बायको रिक्षानं स्टँडवर गेलो. बायको कशाला येतेय हे मला कळेना. साताऱ्याची गाडी फलाटाला लागत होती. गर्दी अशी होती की धडधाकट माणूस खिडकीतून रुमाल टाकत होता. मी म्हणालो, "नंतरची बघू." अण्णा म्हणाले, "हीच."

लोक चढले. अण्णा पायरीपाशी आले आणि थांबले. पाय चिकटले. मागून कोणीतरी म्हणालं, "आवं आजोबा, चला की!" कंडक्टर आतून म्हणाला, "हात द्या हो कुणी त्यांना." मी जवळच होतो. हात पुढे केला की झालं, अट मोडली, घरी. माझा हात अर्धा वर आलासुद्धा. बायकोनं माझी बाही धरली, चांगली गच्च. त्या क्षणी मला काय हवं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. म्हणजे येतं, पण सांगायचं नाही.

अण्णांनी डावा हात दांड्याला घातला. उजवी मूठ छातीशी घेतली. "एक!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की फलाटावरची कुत्री उठली. "एक-दो!" आणि मूठ सरळ समोर गेली.

"ओ काका, कुणाला मारताय?" कंडक्टर मागे सरकला. तो सरकला त्या जागेत अण्णांचा पाय पडला. मग दुसरा. अण्णा वर होते.

मी खालून म्हणालो, "शाब्बास! झालं. आता उतरा, हळू."

"का?"

"का म्हणजे? चढून दाखवलंत ना?"

"तू म्हणालास, चढाल त्या दिवशी जा. मी चढलोय."

मी आत चढून बघतो तर शेवटून दुसऱ्या बाकावर सुभेदार बसलेले, मांडीवर अण्णांची पिशवी. शेजारची जागा रुमाल टाकून धरलेली. ते गावाकडे चालले होते म्हणे. पिशवीत गोळ्या होत्या, वेळा लिहिलेला कागद होता, बायकोनं केलेल्या दशम्या होत्या. साताऱ्याच्या शेजारणीला पत्रानं कळवून झालं होतं. ती सकाळ-संध्याकाळ डोकावणार होती आणि तिच्याकडे किल्ली होती. मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं. खाली बघितलं तर बायको फलाटावर उभी, माझ्याकडे अजिबात न बघता. तेवढ्यात घंटी वाजली आणि गाडी सुटली.

"तुम्ही कुठं?" कंडक्टरनं मला विचारलं.

"ह्याला आष्टा द्या," अण्णा म्हणाले. "एक फुल."

आष्ट्यापर्यंत मी उभ्यानं जेवढ्या शंका काढता येतील तेवढ्या काढल्या. मोरीत घसरलात तर? तिथे पोतं अंथरणार. उंबरा? उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना रेघ ओढणार. अण्णांनी खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. घराचा नकाशा होता, मोजणीदारानं काढलेला, मापासकट. कुठे धरायची लोखंडी कडी, कुठे खाट, खाटेपासून मोरी किती पावलं. ही पावलं आताची होती, आखूड, आणि ती त्यांनी खरी लिहिली होती. अक्षर पहिल्या ओळीत बरं, मग बारीक होत होत मुंगीएवढं. मी तो कागद नाकाशी धरून तपासला. चूक सापडावी म्हणून तपासला. शेवटी एक सापडली.

"पोतं स्वयंपाकघरात टांगणार म्हणता, पण ती तुळई जुनी आहे. पेलेल का?"

"मी लटकून बघनार हाय," शेजारून सुभेदार म्हणाले.

मग मला विचारायला काही उरलं नाही. कागद परत दिला. अण्णांनी तो घडी करायला घेतला, घडी जुळेना, मी हात पुढे केला नाही. त्यांना वेळ लागला. आष्टा आलं तेव्हा कागद खिशात गेला होता.

"उतर," अण्णा म्हणाले. "तुझं तिकीट संपलं."

उतरलो. गाडी इस्लामपूरच्या दिशेनं गेली. खिडकीतून त्यांनी मागे पाहिलं की नाही ते मला दिसलं नाही, कारण तोवर मी दुसरीकडे तोंड करून उभा होतो. चष्म्यावर धूळ बसली होती.

अण्णा साताऱ्याला पुढे अडीच वर्षं राहिले. ह्या काळात दोनदा पडले. एकदा मला कळवलं, एकदा शेजारणीनं कळवलं. थरथर काही गेली नाही, वाढलीच. मग एका दिवाळीनंतर त्यांनी स्वतःच पत्र टाकलं, "आता ने." पण ते पुढचं.

त्या दिवशी मी आष्ट्याच्या स्टँडबाहेरून घरी फोन लावला. घरी फोन नुकताच आला होता आणि बायको तो नेहमी चौथ्या घंटीला उचलायची. त्या दिवशी पहिल्याच घंटीला उचलला.

"आष्ट्याला उतरवलं ना तुम्हाला?" ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"अण्णा म्हणाले होते, तो चढणार, त्याला इस्लामपूरपर्यंत नेलं तर साताऱ्यालाच येईल. आष्ट्यालाच उतरवतो."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बसायला जागा मिळाली का त्यांना?" तिनं विचारलं. आता तिचा आवाज जरा वेगळा होता.

"मिळाली. खिडकीची."

"बरं. या आता. सांगलीच्या गाड्या भरपूर आहेत."